लॉस एंजेलिस कुठल्या दिशेला?

नेरूळच्या त्या रो-हाउसच्या ओळीत हौसेराव जगदाळे राहायला आले त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. पण आपल्या घराला दिशा आहेत हे त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. एका अंगाला सुंदराबाई होत्या, दुसऱ्या अंगाला दादू होता, मागे सोसायटीची पाण्याची टाकी आणि पुढे रस्ता. एवढ्यावर माणसाचं आयुष्य आरामात निघतं. दिशा लागतात त्या देवाला, होकायंत्राला आणि सिडकोला.

१९९६च्या श्रावणात शकुबाईंचं लॉस एंजेलिसचं तिकीट आलं आणि चारी दिशा एकदम घरात शिरल्या.

शकुबाई म्हणजे हौसेरावांची बायको. माहेर कोरेगावकडचं, वय साठीला टेकलेलं, उंची बेताची. एकदा ठरवलं की भरलेला ट्रक रिव्हर्समध्ये जाईल पण ही बाई जाणार नाही, असं खुद्द हौसेराव म्हणत, आणि त्यांना ट्रकांमधलं कळत होतं. वाशीच्या मार्केटात ते माथाडींच्या टोळीचे मुकादम होते. उभ्या नोकरीत नारळ फोडल्याशिवाय त्यांनी पहिल्या फेरीचा ट्रक हलू दिला नव्हता. आता तर बायको हलणार होती.

तिकडे त्यांची एकुलती एक मुलगी होती, प्रियदर्शिनी. जावई रणजीत कॉम्प्युटरमध्ये होता. म्हणजे दिवसा झोपायचा आणि लोक झोपले की कामावर जायचा. प्रियदर्शिनीचे दिवस भरत आले होते. मागच्या वर्षीही तिला दिवस गेले होते. तेव्हाही तिने आईला बोलावलं होतं, तेव्हाही व्हिसा हातात होता. हौसेराव म्हणाले होते, "पितृपक्ष सरू दे, मग जा." पितृपक्ष सरला. पण त्याच पंधरवड्यात, सातव्या महिन्यात, मूल गेलं. रणजीत कामावरून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पोरगी तिथे एकटी होती. फोनवर ती आईला एवढंच म्हणाली, "राहू दे आता आई, येऊ नकोस."

त्या दिवसापासून शकुबाईंनी घरात या विषयावर एक शब्द काढला नव्हता. आणि या खेपेला प्रियदर्शिनीने पुन्हा गोड बातमी दिली तेव्हा त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. दादूची मुलगी मिताली वाशीला एका ट्रॅव्हल एजन्सीत कामाला होती. तिच्याकडे जाऊन त्या तिकीट काढून आल्या. शनिवारचं विमान. त्यानंतर थेट महिन्याने जागा होती, आणि पोट काही महिनाभर वाट बघणार नव्हतं.

हौसेरावांनी तिकीट दोन्ही बाजूंनी वाचलं आणि ते नेरूळच्या देवळात गुरुजींकडे गेले.

"शनिवारी निघायचंय. दोष काय हाय का बघा."

गुरुजींनी पंचांग उघडलं. "कुठल्या दिशेला?"

"अमेरिकेला."

"ते गाव झालं. दिशा?"

हौसेरावांनी खिशातलं तिकीट काढून पुन्हा उलटसुलट केलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "दिशा तुम्ही सांगा, दोष मी सांगतो. शनिवारी पूर्वेला दिशाशूल आहे, तिकडे जायचं नाही. पश्चिमेला जाणार असाल तर खुशाल जा."

हौसेराव घरी आले. प्रियदर्शिनीचं शाळेतलं नकाशाचं पुस्तक त्यांनी माळ्यावरून काढलं. त्यात अमेरिका डाव्या हाताला, अगदी कडेला होती. डावा हात म्हणजे पश्चिम. हौसेरावांचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात त्यांनी दोन पेढे खाल्ले, आणि तेवढ्यात मिताली ऑफिसातून आली.

"पश्चिम कशी काका?" ती म्हणाली. "काकींचं तिकीट सिंगापूरवरून आहे. सिंगापूर, मग टोकियो, मग लॉस एंजेलिस. सगळं पूर्वेला."

"पर अमेरिका तर डाव्या बाजूला हाय!"

"टोकियोतल्या नकाशात ती उजव्या बाजूला असते."

हे हौसेरावांना जपान्यांच्या एकूण वागण्याशी सुसंगत वाटलं. तरी खात्री असावी म्हणून दुसऱ्या दिवशी मितालीने एजन्सीच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल घरी आणला. अंगणात बाजेवर तो ठेवला, दादूच्या जाळ्याचा एक दोरा घेतला आणि मुंबईवर एक टोक धरून दुसरं लॉस एंजेलिसवर ताणलं. दोरा ना डावीकडे गेला ना उजवीकडे. तो सरळ वर चढला, रशिया ओलांडून बर्फात शिरला आणि पलीकडच्या अंगाने अमेरिकेत उतरला.

"सगळ्यात जवळचा रस्ता हा," मिताली म्हणाली. "चौदा हजार किलोमीटर. उत्तर."

"मग ह्या रस्त्यानं का न्हाई नेत?" हौसेरावांनी विचारलं. मार्केटात आडवळणाने ट्रक नेणाऱ्या ड्रायव्हरला ते जसं विचारत तसंच.

"एवढ्या दमाचं विमान नाही काका. आणि सिंगापूरवरून स्वस्त पडतं. एकूण तीसेक तास. त्यात गंमत अशी, की टोकियोहून संध्याकाळी निघायचं आणि लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी पोचायचं."

"म्हंजे निघायच्या आदी पोचायचं?"

"घड्याळाने, हो."

हौसेराव बाजेवर बसले. चार दिशांपैकी तीन अमेरिकेच्या निघाल्या होत्या. वर ती बाई निघण्याआधी पोचणार होती. अशा प्रवासाला दोष नाही तर कशाला?

शकुबाई इतका वेळ उंबऱ्यावर बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गुरुजी दोष सांगून गप बसले, का उपाय बी सांगितला?"

उपाय होता. प्रस्थान.

हल्लीच्या माणसांना हे सांगावं लागतं. जायचा दिवस बरा नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ असं एका फडक्यात बांधायचं आणि जायच्या दिशेला जे घर असेल त्या घरात नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. गाठोडं गेलं की शास्त्राच्या हिशेबाने माणूस गेला. मग पुढचे चार-पाच दिवस तो घरी जेवला, झोपला, बायकोशी भांडला तरी तो निघालेलाच असतो. प्रत्यक्ष जाताना शेजाऱ्याकडून गाठोडं उचलायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. शास्त्राने माणसाच्या सोयीसाठी इतकी सरळ पळवाट दुसरीकडे कुठे ठेवलेली नाही.

"गुरुवार सकाळ चांगली हाय," हौसेराव म्हणाले. "फकस्त घर ठरवा."

ही बातमी तासाभरात ओळीत पसरली आणि लोक मदतीला आले. ज्यांना मदत करायची नसते ते असल्या वेळी सगळ्यात आधी येतात. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर म्हणाले, "गोलावर दोरा उत्तरेला गेलाय ना? मग उत्तरच. उत्तरेला आपली टाकी आहे. टाकीवर गाठोडं ठेवायला माझी ना नाही, पण कमिटीचा ठराव लागेल. मासिक सभा पंधरा दिवसांनी."

दादू मूळचा सारसोळ्याचा, खाडीवर वाढलेला. आता गोदीत नोकरीला. तो म्हणाला, "आवो दादा, कशाला पायजे टाकी? माजं घर हाय ना पश्चिमेला. आना तिकरं. देवाच्या बाजूला ठेवतंय."

हौसेराव माळकरी. त्यांनी दादूच्या अंगणात, श्रावणातलं ऊन बघून दोरीवर टाकलेल्या सुक्या बोंबलांकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. दादूला ती नजर दहा वर्षांची ओळखीची होती.

"काय ओ? सुपारीला बोंबलाचा वास लागला म्हनून काय अमेरिकेत उतरू देनार नाय तिला?"

"तसं न्हाई दादू..."

"तसंच हाय. ऱ्हावं द्या. चाय तरी पाजा."

शकुबाईंनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "ऐका. ट्रक कराडला जायाचा असू दे न्हाईतर कोल्हापूरला, गेटातनं भायेर पडून पयलं जिकडं वळतो तीच त्याची दिशा. माजं इमान पयलं सिंगापूरला वळतंय. म्हंजे पूर्व. दोष बी पूर्वेचाच हाय. प्रस्थान पूर्वेला."

बोलणं बिनतोड होतं. ते ऐकून एकेकजण चपला शोधू लागला, कारण पूर्वेला सुंदराबाई होत्या.

सुंदराबाई आणि शकुबाई यांच्यात वर्षभर शब्द नव्हता. दोघींच्या परसांमध्ये छातीएवढी भिंत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोघी रोज धुणं वाळत घालत, पण एकमेकींच्या चादरींशीही बोलत नसत. कारण साऱ्या ओळीला ठाऊक होतं. मागच्या वर्षी, मूल गेल्याची बातमी आली त्याच महिन्यात, कुणाच्या तरी हळदीकुंकवाला सुंदराबाई चारचौघींत म्हणाल्या होत्या, "पोर तिकडं तडफडत व्हती आन् आई हितं पंचांग बघत बसली." शकुबाई तेव्हा दारातच होत्या. त्यांनी वाण घेतलं नाही. तशाच परत फिरल्या.

"दुसरं कुणी बघू की पूर्वेला," हौसेराव चाचरत म्हणाले. "पल्याडच्या गल्लीत..."

"पल्याडच्या गल्लीत माजं कोन हाय? पूर्वेला पयलं घर सुंदरीचं."

"ती दार उगडंल?"

"न उगडून करतीय काय? मी वाजवणार."

गुरुवारी सकाळी शकुबाईंनी पिवळ्या फडक्यात सुपारी, हळकुंड, तांदूळ आणि एक रुपया बांधला. नेसत्या लुगड्याचा पदर नीट केला. स्वतःच्या दारातून बाहेर पडून सुंदराबाईंच्या दारात जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ त्यांना लागला. दादू आपल्या अंगणातून बघत होता. श्यामसुंदर टाकीची पातळी तपासायचं निमित्त काढून वर चढले होते.

सुंदराबाईंनी दार उघडलं. उंच, हाडापेराने मोठी बाई. हात पिठाचे. त्यांनी आधी शकुबाईंकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे.

"प्रस्थान ठेवायचं हाय," शकुबाई म्हणाल्या. "पूर्वेचं. ठिवून घेतीस का?"

"प्रियाकडं निघालीस?"

"शनवारी."

सुंदराबाई दारातून बाजूला सरल्या. म्हणाल्या, "आत तरी ये. उंबऱ्यावरनं ठेवत्यात व्हय प्रस्थान?"

आत येऊन शकुबाईंनी देव्हाऱ्यापुढे गाठोडं ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं. उठताना त्यांचा गुडघा कटकन वाजला. सुंदराबाईंनी पिठाचा हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला.

"तू बोललीस ते खरं व्हतं," शकुबाई म्हणाल्या. "म्हणूनच बोलत नव्हते तुझ्याशी. खोटं असतं तर तितंच तुला झोडपली असती."

"खरं व्हतं म्हणूनच बोलाया नगं व्हतं मी," सुंदराबाई म्हणाल्या, आणि चूल पेटल्यासारखा चेहरा करून भाकरीकडे वळल्या. "च्या घिऊन जा. आन् ऐक. ह्ये गठुळं मी तुलाच दीन, निघतानाच दीन. मदी कुणी मागितलं तर न्हाई. देव आला तरी न्हाई."

देव आला नाही. हौसेराव आले.

झालं असं, की शुक्रवारी दुपारी मितालीचा ऑफिसातून फोन आला. जपानकडे मोठं वादळ उठलं होतं, टोकियोची विमानं रद्द झाली होती. पण काकींनी घाबरायचं कारण नव्हतं. एजन्सीने धावपळ करून त्यांना त्याच शनिवारी दुसऱ्या विमानात जागा मिळवून दिली होती. आधी लंडन, मग तिथून लॉस एंजेलिस. वेळही जवळपास तेवढाच. "उलट तीन-चार तास वाचतात काका!"

हौसेरावांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत बसले. लंडन पश्चिमेला होतं. त्यात त्यांना जराही शंका नव्हती. इंग्रज तिकडूनच आले होते.

"प्रस्थान पूर्वेला, आन् बाई पश्चिमेला," ते म्हणाले. "माणूस इकडं, निघणं तिकडं. मदल्या मदी फाटायचं काम हाय ह्ये."

ते तडक सुंदराबाईंकडे गेले. गाठोडं परत द्या म्हणाले. दादूकडे ठेवतो, बोंबील तर बोंबील. सुंदराबाई दारात उभ्या राहिल्या आणि दार पूर्ण भरलं.

"कुणाचं गठुळं?"

"माज्या बायकूचं."

"मग तिला पाठवा. शनवारी. निघताना."

हौसेराव तिथून गुरुजींकडे गेले. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पंचांग उघडण्याची तसदी घेतली नाही. "शनिवारी पश्चिमेला दोष नाहीच. प्रस्थानाची गरजच नव्हती."

"पर ठेवलंय की!"

"ठेवलेलं हलवत नाहीत. ते मोडून नवं ठेवायचं असेल तर पुढला चांगला दिवस..." आता मात्र पंचांग उघडलं. "बुधवार."

हौसेराव घरी आले ते निर्णय घेऊनच. गडी वाईट नव्हता. मागच्या वर्षी आपणच थांबवलं ही गोष्ट तो रोज उशाला घेऊन झोपत होता. पण माणसाच्या हातून एकदा चूक झाली की तो सावध होतो, आणि हौसेराव सावध झाले की एकच गोष्ट करत: थांबवत.

"बुधवारी नवं प्रस्थान ठिवू," ते म्हणाले. "तिकीट फुडं ढकलू. ह्या खेपेला काय बी वंगाळ व्हाया नगं, शके. माज्याच्यानं दुसऱ्यांदा सोसायचं न्हाई."

शकुबाई बॅगेला दोरी बांधत होत्या. गाठ मारून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"कोन थांबणार बुधवारपातुर?"

"तू."

"मी हितं हाय कुटं? मी काल निघाले."

हौसेरावांनी बोटांवर वार मोजले.

"तुमच्याच शास्त्रानं निघाले न्हवं? काल सकाळी, चांगल्या वेळेला. निघालेल्या बाईला मागनं हाका मारत्यात व्हय? अपशकून हाय तो. आन् आता तुमी म्हणताय त्येच्यावरनं माज्या ध्यानात आलं, काल निघालेली बाई आज ह्या घरात काय करतीया?"

त्यांनी बॅग उचलली. दुसऱ्या हातात लोणच्याच्या बरण्यांची पिशवी घेतली. देवाला नमस्कार केला, चपला पायात सरकवल्या आणि त्या सरळ सुंदराबाईंच्या घरात राहायला गेल्या.

ओळीतल्या जाणत्या लोकांनी दोन्ही बाजू तपासून पाहिल्या आणि कबूल केलं की शास्त्रात तिला परत आणायची सोय नाही.

संध्याकाळी हौसेराव परसात आले. भिंतीपलीकडे सुंदराबाईंच्या परसात शकुबाई पाटावर बसलेल्या होत्या. मधे हात लांब केला तर पोचेल एवढं अंतर. पण हौसेराव भिंतीपाशी उभे राहून ओरडले. अमेरिकेच्या फोनवर ते ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात.

"हॅलो! शके! च्याची पावडर कुटं हाय?"

"परदेशातनं काय सांगू? डबं उगडून बघा!"

"साकर?"

"पावडरीच्या शेजारी!"

"पावडर कुटं हाय त्येच तर इचारतोय!"

दादू पोट धरून आपल्या बाजेवर लवंडला. सुंदराबाई आतून म्हणाल्या, "काय ओ, कट करा की आता. बिल वाढतंय." हौसेराव हसले नाहीत. ते आत गेले. डबे वाजले, काहीतरी पडलं. मग ते बिनचहाचेच बाहेर आले आणि भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून उभे राहिले. आता आवाज खाली आला होता.

"शके, थट्टा न्हाई. मला भ्या वाटतंय. निम्मी हिकडनं जाणार, निम्मी तिकडनं. असं कुणी गेलंय का आजवर?"

शकुबाई उठून भिंतीपाशी आल्या. अंगणातल्या बाजेवर मितालीचा तो पृथ्वीचा गोल अजून पडलेला होता. त्यांनी हौसेरावांना तो आणायला लावला. भिंतीवर ठेवला. मुंबईवर अंगठा दाबला, आणि एक बोट उजव्या बाजूने, एक बोट डाव्या बाजूने फिरवत नेलं. गोलाच्या पाठीमागे दोन्ही बोटं एकमेकांना जवळजवळ चिकटली.

"ही बघा तुमची पोरगी," त्या म्हणाल्या. "निम्मी पूर्वेनं गेले काय आन् निम्मी पश्चिमेनं गेले काय, तिच्यापाशी दोन्ही मिळत्यात. मागल्या खेपेला तिच्याजवळ कुणीच न्हवतं. ह्या खेपेला एकीला उशीर झाला तर दुसरी आसंल. तुमाला नगं तर ऱ्हाऊ द्या. मला दोन्ही पायजेत."

हौसेराव त्या गोलाच्या मागच्या बाजूकडे बराच वेळ बघत राहिले. तिथे बहुतेक पाणीच होतं.

"चौदा हजार किलोमीटर," ते म्हणाले.

"ते जवळच्या रस्त्यानं. मी लांबनं चाललेय."

"जीप किती वाजता सांगू?"

"मिताली सांगतीय. तुमी अंगुळ करून तयार ऱ्हावा. आन् पावडर खालच्या फळीवर, पितळंच्या डब्यात."

शनिवारी सकाळी सुंदराबाईंनी देव्हाऱ्यापुढचं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून दिलं. शकुबाईंनी ते कमरेला खोचलं. हौसेराव परगावच्या पाहुण्यासारखे टोपी घालून, रस्त्याने वळसा घेऊन सुंदराबाईंच्या दारात बॅग उचलायला आले. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या पाठीवर पोती चढवलेल्या माणसाने त्या दिवशी स्वतः बॅग डोक्यावर घेतली, जीपपर्यंत नेली आणि कुणाला हात लावू दिला नाही. दादू बोंबलाचा एक पुडा घेऊन आला होता, प्रियासाठी. हौसेरावांनी तो मुकाट्याने घेतला आणि लोणच्याच्या बरणीशेजारी स्वतःच्या हाताने नीट बसवला.

विमानतळाच्या दारात मितालीने सगळं पुन्हा समजावलं. लंडनला उतरल्यावर एक माणूस चाकाची खुर्ची घेऊन येईल, काकींनी त्यात बसायचं, तो दुसऱ्या विमानात नेऊन बसवेल.

"आन् पोचायला किती तास?" हौसेरावांनी पंधराव्यांदा विचारलं.

"एक दिवस आणि वर थोडं."

"थोडं म्हंजे?"

"काका, तुम्ही घरी जाऊन झोपा. उठाल तेव्हा त्या पोचायला आलेल्या असतील."

शकुबाई आत गेल्या. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून त्यांनी बघितलं नाही. हौसेराव काचेला नाक लावून उभे होते हे त्यांना न बघताच माहीत होतं.

लंडनला खुर्ची आली. चांगल्या धडधाकट बाईला दुसऱ्याने ढकलत नेणं शकुबाईंना पटलं नाही. त्यांनी खुर्चीत आपली पिशवी बसवली आणि त्या बाजूने चालल्या. चालायलाही पुष्कळ होतं; विमानतळ नेरूळपासून बेलापूरपर्यंत पसरेल एवढा लांब असावा. ढकलणारा माणूस पंजाबी होता. तो हिंदीत म्हणाला, "माताजी, बैठ जाइए." शकुबाई म्हणाल्या, "बैठके बैठके तो आयी." पुढच्या विमानात त्यांनी दोनदा जेवण केलं, तिसऱ्यांदा परत पाठवलं, आणि खिडकीबाहेर किती वेळ गेला तरी मावळायचं नाव न घेणाऱ्या उन्हाकडे संशयाने बघत राहिल्या.

लॉस एंजेलिसला सामान तपासणाऱ्या साहेबाने बोंबील हुंगले, घाईने परत पिशवीत ठेवले आणि हात पुसले. मग कमरेचं गाठोडं मागितलं. सुपारी नखाने टोकरून पाहिली, हळकुंडाकडे पाहिलं, रुपया उलटसुलट केला, आणि तांदूळ मात्र काढून टोपलीत टाकले. बाहेरचं धान्य आत नेता येत नाही, असं त्याने खुणेने सांगितलं. शकुबाईंनी क्षणभर विचार केला. मूठभर शकुबाई गेली तर जाऊ दे, बाकीची पोचतेच आहे. त्यांनी फडकं पुन्हा बांधलं.

बाहेर गर्दीत आधी पोट दिसलं, मग प्रियदर्शिनी. तोंड सुकलेलं, पाय सुजलेले, डोळे दारावर. शेजारी रणजीत, झोप न झालेला. आईला बघून तिने हात वर केला आणि तो तसाच राहिला.

"आई! किती वेळ लागला गं?"

"गुरवारी निघाले," शकुबाई म्हणाल्या.

"गुरुवारी? अगं, तिकीट तर..."

"सांगते सावकाश." त्यांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, मग पोटावर ठेवला आणि तिथे थोडा वेळ तसाच राहू दिला. आतून काहीतरी ठणठणीत हललं. प्रियदर्शिनीचा बांध फुटला. भर गर्दीत ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

"मागच्या वेळी मी येऊ नको म्हणाले, ते मनापासून नव्हतं आई."

"म्हाईत हाय. रड, पर बसून रड. हुबं ऱ्हाऊन न्हाई."

त्यांनी तिला बाकावर बसवलं, पदराने तिचं तोंड पुसलं आणि जावयाकडे वळल्या. रणजीत वाकून नमस्कार करत होता. तो पुरता उठायच्या आतच त्यांनी विचारलं, "दवाखाना घरापासनं किती लांब हाय?"

"वीस मिनिटं, आई. गाडीने."

"तुमी कामावर असला तर?"

रणजीतने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"चालत जायाचा रस्ता असंल त्यो दाखवून ठिवा मला," शकुबाई म्हणाल्या. "आन् शेजारी गाडीवालं कोन हाय, त्येंची वळख करून द्या. आजच. घरी मागनं जाऊ."